पेटी नको म्हणाला

चष्म्याच्या दुकानात तिला सगळे नंबरताई म्हणत. गिऱ्हाइकाचा चष्मा उजेडाकडे धरून ती काच जरा वरखाली हलवायची आणि नंबर सांगून टाकायची. सहसा चुकायची नाही. दुकानाच्या मागे पडद्याआड काचा घासायचं यंत्र होतं. त्याच्यापुढच्या स्टुलावर तिची पंचवीस वर्षं गेली. लग्नाचं राहून गेलं, म्हणजे तिनेच राहू दिलं. घरात आई एकटी पडली असती, आणि आईला ते घर सोडायचं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांचा पत्ता बदलता कामा नये, एवढं एकच आईचं म्हणणं होतं. का, ते दोघींनाही माहीत होतं, म्हणून त्यावर कधी बोलणं होत नसे.

त्याच पत्त्यावर पोलिसांचं पत्र आलं. वर नाव बाबांचं. बाबांना जाऊन आठ वर्षं झाली होती. बसस्थानकावरची पोलीस चौकी नव्या इमारतीत हलणार होती. जुना बेवारस माल तपासताना तिथे एक कुलूपबंद लाकडी पेटी निघाली होती. कुलूप तोडून पाहिलं तर आत सुताराची हत्यारं होती आणि झाकणाच्या आतल्या बाजूला हा पत्ता होता. पंधरा दिवसांत ओळख पटवून पेटी नेली नाही, तर तिची विल्हेवाट लावली जाईल, असं खाली छापलं होतं.

कुणाचं पत्र म्हणून आईने आतून विचारलं. विजेच्या ऑफिसचं, असं सांगून तिने ते पर्समध्ये टाकलं आणि कामाला निघून गेली. त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाची उजवी काच डाव्या बाजूला बसवली. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

पेटी दादाची होती. तिचा थोरला भाऊ, तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. बाबांचं सुतारकामाचं दुकान याच इमारतीत तळाला होतं आणि दादा त्यांच्या हाताखाली तयार झाला होता. त्याचा हात बाबांपेक्षा चांगला होता. हे बाबांनाही कळत होतं आणि तेच त्यांना सोसत नव्हतं. एकदा एका मोठ्या टेबलासाठी आणलेली रुंद फळी दादाकडून चार बोटं आखूड कापली गेली. बाबांनी गिऱ्हाइकासमोर त्याच्या थोबाडीत मारली. चोवीस वर्षांचा मुलगा.  त्याने करवत जागेवर ठेवली, भुसा झाडून काढला, हात धुतले आणि वर येऊन जेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरचं काम आहे असं सांगून पेटी आणि कापडी पिशवी घेऊन निघाला. आईने स्वेटर पुढे केला, तो त्याने घेतला नाही. त्यानंतर तो घरात दिसला नाही.

बेपत्ता असल्याची तक्रार त्यांनी घराजवळच्या पोलीस ठाण्यात दिली. तिथल्या साहेबांनी सांगितलं, सगळीकडची माहिती सोमवारी येते, तेव्हा सोमवारी विचारत चला. आई आणि ती दर सोमवारी जाऊ लागल्या. एका सोमवारचे शंभर सोमवार झाले. शेवटी शेवटी तिथला कारकून त्यांना फाटकात पाहिलं की लांबूनच मान हलवायचा, म्हणजे त्यांना उगाच पायऱ्या चढायला नकोत. बाबा एकदाही आले नाहीत. त्या निघाल्या की खालून रंधा मारल्याचा आवाज यायचा, आणि तो नेहमीपेक्षा जोरात असायचा.

दादा गेला, पण घरातून हलला नाही. जिना चढताना तिसरी पायरी गाळून पुढे पाय टाकायची त्याची सवय होती. अजूनही कुणी घाईत ती पायरी गाळली की आईचं बोलणं अर्ध्यावर थांबायचं. पावलं दारावरून पुढे गेली की ती राहिलेलं वाक्य पुरं करायची. नंबरताईचं वेगळंच होतं. कुणी पुरुष फ्रेम लावून आरशात पाहायला लागला की तिची नजर आधी त्याच्या कपाळाकडे जायची. दादाच्या उजव्या भुवईवर खिळ्याने झालेला व्रण होता. एकदा तर ती तसा व्रण असलेल्या माणसाच्या मागे चार गल्ल्या चालत गेली होती. त्याने वळून विचारलं, काय हवंय?  चष्म्याची डबी विसरलात का, असं काहीतरी बोलून ती परत फिरली.

चौकीत जाताना तिने बाबांचा मृत्यूचा दाखला, आपलं ओळखपत्र आणि अर्ज नेला. मुद्देमालाची खोली चौकीच्या मागे होती. लोखंडी मांडण्यांवर छत्र्यांचे भारे, हेल्मेटं, बॅगा, एक कुबडी, तारेने बांधलेल्या सायकली. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी. खिडकी एकच होती आणि तिच्यासमोरही सुटकेसींची चळत लागलेली. टेबलामागच्या हवालदारबाई रजिस्टर हात लांब करून वाचत होत्या. यांना दीडचा जवळचा नंबर लागलाय आणि या मान्य करत नाहीयेत, हे नंबरताईला बसल्या बसल्या कळलं.

बाईंनी पेटी टेबलावर आणून ठेवली. झाकणाच्या आत बाबांनी तापलेल्या तारेने डागलेली अक्षरं होती: स्वतःचं नाव आणि पत्ता. खाली रंधा, तीन पटाश्या, गुण्या, गिरमिट. पटाश्यांची पाती तेलकट फडक्यात गुंडाळलेली होती आणि ते फडकं आईच्या जुन्या साडीचं होतं. तिने ते पाहिलं आणि हात मागे घेतला.

"इथे सही करा," हवालदारबाई म्हणाल्या. "मूळ नोंदीच्या समोरच करा. जुनं रजिस्टर काढलंय तुमच्यासाठी."

नोंद दादा गेला त्याच दिवशीची होती. फलाट क्रमांक सहा, बाकाखाली सापडलेला माल: एक कापडी पिशवी, एक कुलूपबंद पेटी. म्हणजे तो बसस्थानकापर्यंत आला होता आणि दोन्ही वस्तू तिथेच टाकून गेला होता. एवढं वाचून ती सही करणार, तोच तिला पुढच्या रकान्यात लाल शाईने लिहिलेलं दिसलं. पिशवी मालकास परत दिली. पेटी नको म्हणाला. खाली तारीख आणि सही.

तारीख तो गेल्यानंतर अकरा आठवड्यांची होती. सही दादाची होती. शेवटच्या अक्षराची शेपटी ओळीखाली ओढून परत वर न्यायची त्याची तऱ्हा होती. लहानपणी ती तिने गिरवून गिरवून उचलली होती. तिच्या स्वतःच्या सहीतही ती होती. आता त्याच ओळीत, त्याच्या सहीशेजारी, तिला सही करायची होती.

"बरं नाही वाटत का?" बाईंनी विचारलं.

तिने पाणी मागितलं. मग सही केली.

माल परत देणाऱ्या हवालदारांचं नाव रजिस्टरमध्ये होतं. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण ते जवळच राहतात असं बाईंनी सांगितलं आणि पत्ताही लिहून दिला. पेटी दुकानात, यंत्राच्या खाली ठेवून ती त्याच दुपारी तिकडे गेली. म्हातारे हवालदारकाका व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. काकूंनी चहा दिला. इतक्या वर्षांपूर्वीचं यांना काय आठवणार, असं तिला वाटत होतं. पण पेटी म्हटल्यावर काका सरळ होऊन बसले. छत्र्या विसरणारे, लेकरं विसरणारे सगळे पाहिले, म्हणाले, पण स्वतःची हत्यारं नको म्हणणारा कारागीर एकच पाहिला.

त्यांनी सांगितलं ते असं. पोरगा वाळलेला होता, दाढी वाढलेली, अंगात पातळ शर्ट. पिशवीत काय काय आहे ते त्याने बरोबर सांगितलं, म्हणून पिशवी दिली. पेटी पुढे केली तर म्हणाला, ती ठेवा, ती आता माझी नाही. सही केल्यावरही तो जाईना. टेबलाची कड चाचपत उभा राहिला. मग विचारलं.

"काय विचारलं?"

"माझी चौकशी करायला कुणी आलं होतं का, म्हणून." काका म्हणाले. "मी वही पाहिली. नीट पाहिली, पानं उलटून. मग सांगितलं, नाही बाबा, कुणी आलं नाही."

त्यानंतर तो तासभर सहा नंबरच्या बाकावर बसला होता, असं काका म्हणाले. एक बस सोडली, दुसरी सोडली आणि तिसरीत चढला.

नंबरताईने कप खाली ठेवला. त्या तारखेनंतर दोनच दिवसांनी सोमवार होता. आई आणि ती ठाण्यात गेल्या होत्या. चौकीपासून ते ठाणं चालत वीस मिनिटांवर होतं. तिने हे काकांना सांगितलं, शंभर सोमवारांचंही सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता आणि त्यामुळेच काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचं ठाणं वेगळं, आमची चौकी दुसऱ्या ठाण्याखाली," काका म्हणाले. "तिकडून कागद यायला हवा होता. आला नाही, नाहीतर आला आणि कुठेतरी पडून राहिला. माझ्या वहीत जे होतं तेच मी बोललो, ताई."

ती निघाली तेव्हा ते फाटकापर्यंत आले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले. तिच्याशी बोलत होते की स्वतःशी, ते समजत नव्हतं.

त्या संध्याकाळी रिक्षा करून तिने पेटी घरी आणली. गुडघ्यांमुळे आई तीन वर्षं खाली उतरली नव्हती. खुर्चीत बसूनच तिने झाकणावर हात फिरवला, कडेला तुटलेला कोपरा बोटाने शोधला आणि काही न विचारता सगळं सांग म्हणाली. नंबरताईने सांगितलं, पण हातचं राखून. पत्र, चौकी, रजिस्टर, अकरा आठवड्यांनी केलेली सही. आईचे डोळे कोरडे होते.

"आमच्याबद्दल विचारलं का त्याने?"

"विचारलं."

"मग? काय सांगितलं त्याला?"

हवालदारकाकांच्या फाटकापासून घरापर्यंत नंबरताईच्या कानात एकच वाक्य वाजत होतं. कुणी आलं नाही. ते आईच्या कानात घालायची तिची छाती झाली नाही. ती म्हणाली, "सांगितलं त्यांनी. आई आणि बहीण दर सोमवारी विचारायला येतात म्हणून."

आईने मान डोलावली. तिचं समाधान झालं असं वाटून नंबरताई कुकर लावायला उठली. पाठीमागून आईचा आवाज आला, अगदी हलका.

"म्हणजे माहीत असूनही आला नाही."

त्या दिवसापासून आई बदलली. जिन्यावर पावलं वाजली तरी तिचं बोलणं थांबेना. ताटातलं तसंच राहू लागलं. शेजारच्या काकूंनी दादाचा विषय काढला तर म्हणाली, त्याने आम्हाला टाकलं, आता कशाला त्याचं? सव्वीस वर्षं जी बाई थकली नव्हती, ती पंधरा दिवसांत म्हातारी झाली. नंबरताईने शेवटी खरं काय ते सांगून टाकलं. हवालदाराने तसं काही सांगितलंच नव्हतं, मीच खोटं बोलले, त्याला तर कुणीच आलं नाही असं सांगण्यात आलं होतं. आईने तिचा हात थोपटला.

"मला बरं वाटावं म्हणून बोलतेस. राहू दे."

किती शपथा घेतल्या तरी आईचा विश्वास बसेना. खोटं पहिल्याच झटक्याला पटलं होतं आणि खरं काही केल्या पटत नव्हतं. यंत्रावर काच घासताना नंबरताईला आता दोन वाक्यं ऐकू येत. एक दादाने ऐकलेलं, एक आईने ऐकलेलं. दुसरं तर तिच्याच तोंडचं होतं.

सहा नंबरच्या फलाटावरच्या बस तेव्हाही एकाच रस्त्याने जायच्या, हे हवालदारकाकांनी सांगितलं होतं. वाटेत अकरा गावं. दुकानाला गुरुवारी सुट्टी असे. दर गुरुवारी ती एका गावी उतरायची, लाकडाच्या वखारीत जायची, फर्निचरच्या कारखान्यात जायची आणि उजव्या भुवईवर व्रण असलेल्या सुताराबद्दल विचारायची. लोक तिला आधी माल घ्यायला आलेली गिऱ्हाईक समजायचे. दोन गावांत तिला हसले. सहा गुरुवार रिकामे गेले.

सातव्या गावात एका कारखान्याच्या मालकाने तिचं बोलणं पुरतं ऐकण्याआधीच आपल्या भुवईवर बोट ठेवलं. तो माणूस त्यांच्याकडे नऊ वर्षं होता. मग खोकला वाढला, भुसा सोसेना, आणि कुणातरी कंत्राटदाराबरोबर तो जहाजांच्या कामाला म्हणून दूर निघून गेला. त्यालाही आता सोळा वर्षं झाली होती. पुढचं मालकांना ठाऊक नव्हतं. लग्न वगैरे केलं नाही, म्हणाले. कामात सोनं, पण एक खोड विचित्र. स्वतःचं एकही हत्यार ठेवायचा नाही. सकाळी कारखान्यातली मागून घ्यायचा आणि संध्याकाळी पुसून, मोजून परत द्यायचा.

"घरचं काही बोलायचा का?" तिने विचारलं.

"फारसं नाही. एकदा मीच म्हटलं, जाऊन ये घरी. तर म्हणाला, मी गेलो होतो शेठ, आमच्या गावच्या बसस्टँडपर्यंत. तिथे विचारलं. माझ्यामागे कुणी आलंच नव्हतं."

नंबरताईने तिथल्या तिथे घरी फोन लावला. आईने उचलल्यावर म्हणाली, एक गृहस्थ बोलतायत, ऐक. आणि फोन मालकांच्या हातात दिला. मालक गोंधळले, पण समोर उभ्या बाईचा चेहरा पाहून त्यांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं, जसंच्या तसं.  मग आईने विचारलं, तुमच्याकडे जेवायचा कुठे? मालक म्हणाले, आमच्याच घरी, माझ्या बायकोच्या हातचं. तो खात होता ना नीट? खात होता, आजी. आईने फोन ठेवला.

घरी परतल्यावर आई दारातच बसलेली दिसली. तिला परक्या माणसाचं पटलं होतं. रडून तिचा चेहरा सुजला होता, पण आवाज खणखणीत होता. उद्या मला त्या चौकीत घेऊन चल, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खाली बाबांच्या जुन्या दुकानात आलेल्या टायरवाल्याने आणि नंबरताईने मिळून तिला खुर्चीसकट जिना उतरवला. चौकी तोवर नव्या इमारतीत गेली होती. भिंतींना रंगाचा वास होता. हवालदारबाईंनी ओळखलं आणि पुढे येऊन आईला आत नेलं. आईने पेटीही बरोबर आणायला लावली होती. ती परत ठेवून घ्या, असं तिचं म्हणणं. इथे त्याचं काहीतरी असेल तर तो कधी ना कधी विचारायला येईल.

"आजी, एकदा सही होऊन गेलेला माल परत जमा करता येत नाही," बाई म्हणाल्या. "जमलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं."

"मग निदान लिहून ठेवा."

"काय लिहू?"

"त्याच्यासाठी कुणी आलं होतं, एवढं लिहा."

जुनं रजिस्टर बासनात बांधून झालं होतं. ते सोडायची गरज नव्हती, तशी रीतही नव्हती. तरी बाईंनी सोडलं. लाल शाईच्या ओळीखाली निळ्या शाईने त्यांनी लिहिलं की आज रोजी आई आणि बहीण चौकशीस आल्या, पूर्वीपासून दर सोमवारी येत होत्या, पत्ता तोच आहे. आईने ते दोनदा वाचायला लावलं. मग सही केली. एकेक अक्षर काढायला तिला वेळ लागत होता, आणि बाहेर दोन माणसं खोळंबली होती, पण बाईंनी घाई केली नाही.

बाहेर पडल्यावर आईला सहा नंबरचा फलाट पाहायचा होता. तिथला बाक केव्हाच निघून गेला होता. त्या जागी पाण्याच्या बाटल्यांचा ठेला होता. आई कठड्याला धरून उभी राहिली. एक बस लागली, भरली, गेली. दुसरी लागली. बरोबर आलेला टायरवाला म्हणाला, मावशी, दमाल. ती म्हणाली, दमू दे. तिसरी बस वळणाआड गेल्यावर ती घरी जायला तयार झाली.

आई त्यानंतर दीड वर्ष जगली. जेवू लागली होती, शेवटपर्यंत शुद्धीत होती. शेवटच्या महिन्यात तिने लेकीला जवळ बोलावून सांगितलं की त्या दिवशी तू खोटं बोललीस ते मी धरून बसलेले नाही. नंबरताईने ते ऐकून घेतलं. पण तिचं स्वतःचं मन तसं सुटलं नाही. जहाजांच्या त्या कामावरच्या कंत्राटदाराचे जुने पत्ते कारखान्याच्या मालकांकडून मिळवून तिने चार पत्रं पाठवली. तीन परत आली. चौथं ना परत आलं, ना त्याचं उत्तर आलं.

पेटी तिने घरात ठेवली आहे. वर्षातून एकदा ती पटाश्यांचं फडकं सोडते, पात्यांना तेल लावते आणि पुन्हा गुंडाळते. दुकानात अजून तीच काचा घासते. हवालदारबाई मध्यंतरी चष्मा करायला आल्या. नंबर दीडच निघाला. पैसे देताना त्यांनी आपणहून सांगितलं की चौकीतून बदली झाली, पण जाताना नव्या माणसाला ते पान दाखवून आले आहे. नंबरताईने मान हलवली, चष्मा फडक्याने पुन्हा एकदा पुसला आणि त्यांच्या हातात दिला.